शनवार तेली आणि मंडईचा रविवार

वाचनाकरिता: नहेम्या, अध्याय 5 आणि अध्याय 13, वचने 15 ते 22



नहेम्याच्या पुस्तकातील शेवटच्या अध्यायात एका बाजाराचे वर्णन आले आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांचे पुण्याच्या मंडईत येणेजाणे आहे त्यांस ते मुळीच परके वाटणार नाही. शब्बाथाचा दिवस आहे, आणि यहूदातले लोक द्राक्षकुंडे तुडवीत आहेत. पेंढ्या आणून गाढवांवर लादीत आहेत. द्राक्षारस, द्राक्षे, अंजीर असे नाना तऱ्हेचे ओझे घेऊन यरुशलेमेच्या वेशीतून आत शिरत आहेत. सोर नगराचे व्यापारी तर शहरातच बिऱ्हाड करून राहिले असून मासळी विकीत आहेत. नहेम्या हा परकी राजाच्या वतीने नेमलेला सुभेदार. त्याने हे पाहिले व तो संतापला. परंतु त्याने प्रथम कोणास धरले हे लक्षात घेण्यासारखे आहे. टोपली घेऊन बसलेल्या बाईस त्याने धरले नाही, कोळ्यासही नाही. त्याने सरदारांस जाब विचारला. मग शब्बाथाच्या आदल्या सायंकाळी वेशींवर सावल्या पडू लागताच दरवाजे लावविले व आपले चाकर तेथे उभे केले. व्यापारी एकदोन रात्री कोटाबाहेर मुक्काम करून राहिले. दरवाजा उघडत नाही असे पाहून पुढे येईनासे झाले.

आता पुण्याची मंडई पाहू. पूर्वी भाजीचा बाजार शनिवारवाड्यापुढील मोकळ्या पटांगणात भरत असे. शुक्रवार पेठेतील ही अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत 1886 साली उघडली व तीस मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असता या खर्चास त्यांचा विरोध होता. तोच पैसा शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीस महात्मा फुले यांचे नाव मिळाले, ही एक गंमतच होय. घाऊक व्यापार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आहे, 2024 पासून मंडईखालून मेट्रोही धावते. तथापि गाळ्यावर बसून मेथीची जुडी विकणारी बाई अद्याप तेथेच आहे, आणि तिची जुडी आपल्याच एखाद्या खेड्यातून आलेली असते.

पुण्याच्या पेठांस वारांची नावे आहेत. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सगळे वार शहराने आपल्या अंगावर लिहून ठेवले आहेत. परंतु आपल्या नावाचा वार पाळते अशी पेठ मात्र एकही नाही. बाजारास सर्व दिवस सारखे. त्यातल्या त्यात रविवार अधिक प्रिय, कारण त्या दिवशी शहरातील नोकरदार पिशव्या घेऊन बाहेर पडतात व भाव बरा मिळतो.

मंडईपासून पूर्वेस, पायी जाता येईल इतक्या अंतरावर, रास्ता पेठेत 1921 साली बांधलेले सुक्कथ शेलोमो नावाचे एक प्रार्थनालय आहे. ते बेने इस्राएल लोकांचे होय. कँपातील लाल देऊळ पुष्कळांस ठाऊक असते, कारण ते मोठे आहे व त्याचा मनोरा दुरून दिसतो. ते बगदादी यहूदी धनिक डेव्हिड ससून यांनी बांधविले. रास्ता पेठेतील हे लहान घर मात्र मराठी बोलणाऱ्या यहूद्यांचे. या लोकांचा वृत्तांत आज मंडळीपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे, कारण नहेम्याने सुभेदारीच्या बळावर जे केले ते यांनी कोणतेही बळ हाती नसता शेकडो वर्षे केले.

त्यांची परंपरा अशी की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत कोंकण किनाऱ्यावर अलिबागेजवळ नवगावापाशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. सामान बुडाले, ग्रंथ बुडाले. याजक नाही, मंदिर नाही, शास्त्राची एक गुंडाळीसुद्धा नाही, अशा स्थितीत हे लोक कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत पसरले व तेल गाळण्याचा धंदा करू लागले. मुखी राहिले ते इतकेच की, हे इस्राएला ऐक, देव एकच आहे, ही कबुली. मुलांची सुंता आठव्या दिवशी करावी हे राहिले. ज्या माशास खवले व पर नाहीत तो खाऊ नये हे राहिले. आणि शनिवारी घाणा जोडावयाचा नाही, हे राहिले.

यावरून गावकऱ्यांनी त्यांस शनवार तेली असे नाव दिले. आपण खेड्यातले लोक आहोत. हे नाव कसे पडले असेल याची कल्पना आपणांस करता येईल. ते काही गौरवाने दिलेले नाव नव्हे. सहा दिवस तेल देणारा तेली सातव्या दिवशी देत नाही, गिऱ्हाईक भांडे घेऊन परत जाते, आणि जाताना चार शब्द बोलून जाते. शेजारच्या तेल्याचा घाणा चालू असतो. एका दिवसाचे तेल गेले, पेंड गेली, कधी गिऱ्हाईक कायमचे गेले. असे एक शनिवार नव्हे, वर्षाचे बावन्न; आणि एक वर्ष नव्हे, कित्येक पिढ्या. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात जी आज्ञा आहे तिच्यात घरधन्याबरोबर त्याचा चाकर, दासी, बैल व गाढव यांसही विसावा सांगितला आहे, आणि कारण असे दिले आहे की तूही एकदा मिसरात दास होतास. हे शब्द ज्यांच्या घरी लिहिलेले नव्हते त्यांच्या घरच्या घाण्याच्या बैलास शनिवारी झापड बांधली जात नव्हती. आम्हांस वाटते, शास्त्र कागदावर नसता ते बैलाच्या मोकळ्या मानेवर वाचता येत होते.

त्यांच्याविषयी दुसरी एक कथा परंपरेने सांगतात. दावीद रहाबी नावाचा कोणी विद्वान यहूदी त्यांच्यात आला. हे खरोखर इस्राएलाचे वंशज आहेत काय, हे त्यास पाहावयाचे होते. त्याने वादविवाद केला नाही. बायकांपुढे निरनिराळ्या जातीचे मासे रांधावयास ठेविले. त्यांनी खवले व पर असलेले मासे निवडून घेतले व बाकीचे बाजूस सारले. लेवीयाचा अकरावा अध्याय त्यांनी वाचला नव्हता. पण सासूने सुनेस व आईने लेकीस चुलीपाशी तो शिकविला होता. मंडळीतील आयांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा. संडेस्कूल आहे म्हणून घरचे शिक्षण पुरे झाले असे मानण्याची चाल अलीकडे आपल्यात पडली आहे, ती आम्हांस बरी वाटत नाही.

आता कोणी असे समजू नये की हे लोक शेजाऱ्यांपासून फटकून राहिले. उलट त्यांनी पुष्कळ घेतले. भाषा मराठी घेतली व ती मायबोली केली. नावे सुद्धा मराठी वळणावर गेली: शमुवेलाचा सामाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी, इसहाकाचा इसाजी. गावावरून आडनावे पडली: दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर. बायका लुगडे नेसू लागल्या, हातात बांगड्या व गळ्यात मंगळसूत्र आले. नवसाच्या वेळी एलीया संदेष्ट्याच्या नावाने जो मलिदा करतात त्यात पोहे, खोबरे व गूळ असतो; ही सारी कोंकणच्या घरातली सामग्री. शेजाऱ्यांचे मन दुखवू नये म्हणून त्यांनी गोमांस वर्ज्य केले, जरी त्यांच्या शास्त्रात त्यास मनाई नाही. पुण्यातच 1874 साली त्यांच्या वल्हांडण सणाचा विधी मराठी भाषांतरासह शिळाछापावर छापला गेला. त्यातील एका चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या बायकांप्रमाणे लुगडी नेसून बसल्या आहेत. मिसरातून सुटकेची कथा आणि महाराष्ट्रातले लुगडे यांत त्यांस काही विसंगती दिसली नाही, आणि आम्हांसही दिसत नाही.

तथापि घ्यावयाचे नव्हते तेही काही त्यांनी घेतले. त्यांच्यात गोरे इस्राएल व काळे इस्राएल असे दोन भेद पडले. ज्यांची आई परजातीची समजली गेली त्यांची संतती काळे ठरविण्यात आली, आणि गोऱ्यांनी त्यांच्याशी सोयरीक करावयाची नाही असा दंडक झाला. मासा निवडून घेणाऱ्या हातांस ही गोष्ट निवडून टाकता आली नाही. त्यांस नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या देवळातील बाकांकडे पाहावे. ख्रिस्ती होऊन तीनतीन, चारचार पिढ्या झाल्या, तरी लग्नाची गोष्ट निघताच मूळची जात कोणती हे हळूच विचारणारे पंच आम्ही पाहिले आहेत. लुगडे शेजाऱ्याचे घेतले तर देवाचा राग होत नाही. शेजाऱ्याची उतरंड घेतली तर होतो.

एक गोष्ट आपल्या साप्ताहिकात सांगावयास काहीशी अवघड आहे, पण ती झाकून ठेवणे बरे नव्हे. या लोकांस शास्त्र परत मिळाले ते बऱ्याच अंशी मिशनऱ्यांच्या हातून. अमेरिकन मिशनने 1813 पासून मुंबईत काम सुरू केले. तिच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली व बेने इस्राएल गृहस्थ शिक्षक झाले. स्कॉटलंडचे डॉक्टर जॉन विल्सन 1829 साली मुंबईस आले आणि त्यांनी लवकरच मराठीतून इब्री भाषेचे व्याकरण तयार केले. मिशनऱ्यांची आशा अशी की, जुना करार हाती पडला म्हणजे हे लोक नव्या कराराकडे येतील. फारच थोडे आले. बाकीच्यांनी पुस्तक घेतले, वाचले, आणि ते अधिक पक्के यहूदी झाले. त्यांचे इतिहासकार हाईम समुएल केहिमकर यांनी मिशनऱ्यांचे हे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. आपल्या वडीलधाऱ्या मिशनऱ्यांस यामुळे निराशा झाली असेल. परंतु पौल रोमकरांस लिहिताना रानटी जैतुनाच्या फांदीची आठवण देतो: कलम आपले झाले आहे, मूळ आपले नव्हे, म्हणून फांदीने मुळापुढे फुशारकी मारू नये. ज्यांनी पुस्तकावाचून शनिवार पाळला, त्यांस पुस्तक नेऊन देण्याचे काम आपल्या लोकांस मिळाले, हाच मोठा मान आम्ही समजतो.

आता या कथेचा जो भाग आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावतो त्याकडे येऊ. गलबत फुटले तेव्हा शनिवार बुडाला नाही. ग्रंथ नव्हते तेव्हा तो गेला नाही. गावाने टोपणनाव ठेवले तरी गेला नाही. मग तो सैल कधी झाला? जेव्हा घाणा सोडून लोक मुंबईस व पुण्यास आले, पलटणीत, रेल्वेत व सरकारी कचेऱ्यांत मानाच्या नोकऱ्या मिळाल्या, तेव्हा. घाणा स्वतःचा होता, तो बंद ठेवता येत होता. कचेरी सरकारची होती, ती शनिवारी उघडी असे. साहेबाने कोणास धर्म सोडण्यास सांगितले नाही. फक्त हजेरीचा पट पुढे ठेविला. पुष्कळांनी घरी शुक्रवारच्या सायंकाळी दिवा लाविला आणि शनिवारी सकाळी कामावर गेले. त्यांस आम्ही दोष देत नाही. मुलाबाळांचे तोंड पाहून ज्याने ते केले त्याचे दुःख तोच जाणे. पण पगाराने शनिवार असा ढिला केला, हे सत्य आहे.

सन 1948 नंतर त्यांच्यातील बहुतेक लोक इस्राएल देशी जाऊन राहिले. तेथे शनिवारी देशच बंद असतो. दिवस परत मिळाला. परंतु तेथील धर्मगुरूंनी लग्नाच्या बाबतीत शंका काढली की, हे लोक खरोखर यहूदी आहेत कशावरून? ज्यांच्या आजोबांनी घाणा थांबवून टोपणनाव सोसले त्यांस हा प्रश्न ऐकावा लागला. त्यांनी निषेध केला, उपोषणे केली, आणि 1964 साली इस्राएल सरकारने ते सर्वतोपरी यहूदी असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्र सरकारने 2016 साली यहूदी समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. आता इकडे थोडीच घरे उरली आहेत. तिकडे गेलेल्यांत मराठी अद्याप बोलली जाते.

आता आपला रविवार. ख्रिस्ताने शब्बाथ मनुष्याकरिता झाला असे शिकविले, आणि पौलाने कलस्सैकरांस बजाविले की सण व शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये. म्हणून रविवारी जुडी विकणारी बहीण प्रभूच्या कृपेबाहेर गेली असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही, व आम्ही तसे म्हणत नाही. परंतु ज्या दिवशी प्रभू उठला त्या दिवशी मंडळी एकत्र जमत नसेल तर ती मंडळी कशाने राहणार? शनवार तेल्यास दिवस राखण्याकरिता तेल गमवावे लागले. आपल्यास रविवार राज्यकर्त्यांच्या सुट्टीबरोबर आयता मिळाला, आणि जे आयते मिळते त्याची किंमत कळत नाही. गिरणीकामगारांस तर तोही नव्हता. तो 1890 साली त्यांस मिळवून दिला सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी. रविवार हा खंडोबाचा वार आहे, कामगारास त्या दिवशी देवदर्शन व विसावा मिळावा, अशी त्यांची मागणी होती. दमलेल्या मजुराकरिता रविवार मागावा हे सुचले ते फुल्यांच्या एका अनुयायास. ख्रिस्ती मंडळ्यांनी याबद्दल थोडी लाज व पुष्कळ कृतज्ञता बाळगावी.

आमच्या पाहण्यात अशा मंडळ्या आहेत की जेथे बाजाराच्या हंगामात रविवारच्या उपासनेस म्हातारी माणसे व मुले तेवढी येतात. पाळक व्यासपीठावरून रागावतो, आणि ऐकावयास तेच बसलेले असतात ज्यांचा काही अपराध नाही. अशा पाळकबंधूंनी तेरावा अध्याय उघडण्यापूर्वी त्याच पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचावा. तेथे गरिबांनी ओरड केली आहे की, आमची शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली, आमची मुले दास झाली, आणि हे करणारे आमचेच भाऊबंद आहेत. नहेम्याने सरदारांची सभा भरविली, व्याज सोडावयास लाविले, शेते परत देवविली, स्वतः सुभेदारीचा भत्तासुद्धा घेतला नाही. हा पाचवा अध्याय झाल्यावर तेरावा आला आहे. पाचवा न पाळता तेराव्यातील दरवाजे लावणे म्हणजे उपाशी माणसास वेशीबाहेर कोंडणे होय.

कारण कोथिंबीर शनिवारी सायंकाळी उपटली तर रविवारी सकाळी विकली पाहिजे. सोमवारी ती पिवळी पडते. ज्या शेतकऱ्याने आडत्याकडून उचल घेतली आहे त्यास माल कोणत्या दिवशी आणावा हे ठरविण्याची मोकळीक फारशी नसते. विधवा बहिणीस एका रविवारचा भाव म्हणजे मुलाच्या वह्या. हिला दिवस पाळ असे सांगणे सोपे आहे. तो पाळता यावा अशी तजवीज करणे कठीण आहे. आणि दुसरीकडे असेही लोक आहेत, ते बहुधा पुढच्या बाकावर असतात, की जे स्वतः धुतलेले कपडे घालून उपासनेस येतात आणि त्याच वेळी त्यांच्या मळ्यात त्यांचे मजूर, कित्येकदा याच मंडळीतले, तोडणी करीत असतात. आमोस संदेष्ट्याने अशांचे वर्णन केले आहे: शब्बाथ कधी संपतो व आम्ही धान्य कधी विकतो, माप लहान व वजन मोठे कसे करतो, याची वाट पाहत ते बसले आहेत. देवळात बसून मनाने मार्केट यार्डात असलेल्या माणसापेक्षा टोपलीपाशी बसून मनात प्रार्थना करणारी बाई आम्हांस प्रभूच्या अधिक जवळ वाटते. सरदारांस प्रथम जाब विचारण्याचे कारण हेच.

म्हणून ज्या गावांचा माल रविवारी पुण्यास जातो तेथील पंचांपुढे आम्ही काही ठोस गोष्टी ठेवतो. ज्यांच्याकडे मजूर आहेत त्यांनी रविवारची तोडणी बंद ठेवावी व त्या दिवसाची मजुरी कापू नये; हा तोटा त्यांचा होऊ द्या, तो त्यांस पेलतो. लहान शेतकऱ्यांनी आपला माल एका टेंपोत एकत्र घालावा, आणि तो घेऊन जाण्याची पाळी लावावी, म्हणजे दहा घरे बाजारात जाण्याऐवजी एकच घर जाईल व नऊ उपासनेस येतील. जे घर पाळीवर असेल त्याच्याकरिता शनिवारी रात्री शास्त्रवाचन व प्रार्थना त्याच्याच ओट्यावर करावी. यहूद्यांचाही दिवस सायंकाळीच सुरू होतो. ज्यांच्या डोक्यावर आडत्याची उचल आहे त्यांची यादी पंचांनी करावी, आणि कापणीच्या सणाचे दान, जे आजवर देवळाच्या रंगाकरिता ठेवले जात असे, त्यातून बिनव्याजी रक्कम देऊन निदान दोन घरे या वर्षी मोकळी करावी. रंग पुढल्या वर्षी लावता येईल. टेंपोची पहिली पाळी पंचांपैकी कोणी घ्यावी, विधवांच्या जुड्या प्रथम चढवाव्या, आणि विकून आलेला पैसा त्याच सायंकाळी ज्याचा त्यास मोजून द्यावा.